आकडा

कागेसावा नगरपालिकेच्या दाराशी
एक हिरवा फळा आहे. त्यावर पाच पितळी आकडे,
आणि त्या आकड्यांवर टांगलेले पत्र्याचे आकडे:
आजमितीस शहरात माणसं किती.

दर महिन्याच्या एक तारखेला
मी, हिरानुमा, नागरी नोंदणी, खिडकी क्रमांक तीन,
स्टूल घेऊन बाहेर येते.
बर्फ असला तर आधी फळ्याचा चेहरा पुसते.

जिल्ह्याने पुस्तिकेसाठी माहिती मागवली आहे.
अर्ध्या पानात शहर बसवा, म्हणतात.

वृक्ष: सुगी.
युद्धानंतर आजोबांच्या पिढीने डोंगरभर लावला,
नातवंडांची घरं होतील म्हणून.
लाकूड परदेशातून स्वस्तात आलं, नातवंडं तोक्योला गेली.
अशी ही सुगी, जिची सुगी कधी आलीच नाही.
वसंतात तिचे पराग उडतात आणि सगळं शहर
एकदम शिंकतं. एवढी एकी आमच्यात एरवी नाही.

पक्षी: यामादोरी.
कुणी पाहिला आहे का, विचारू नये.

स्थापना: सात खेडी एका कागदावर बांधली, त्या वर्षी.
बँड होता, महापौर रडले होते.
वरच्या आणि खालच्या खेड्याचं पाटाच्या पाण्यावरून
जे बिनसलं होतं, ते मात्र कागदात मावलं नाही.
अजून त्यांचे लोक बसमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसतात.
बस दिवसातून दोनदा. लोक तीन.

संध्याकाळी पाचला भोंग्यातून सूर वाजतो:
मुलांनो, खेळ पुरे, घरी चला.
त्याच सुमारास माकडं उतरतात
शिड्या न लागलेल्या काकीच्या झाडांवर.
त्यांनाही बहुधा तो सूर पाठ झालाय.

मृत्यूचा अर्ज माझ्या हाताशी असतो.
जन्माचा हवा असेल तर
कपाटाची किल्ली शोधावी लागते.
मोज्यांच्या कारखान्यात सहा व्हिएतनामी मुली आल्या,
त्या महिन्यात मी आकडा वाढवला.
स्टुलावर माझे पाय थरथरत होते,
जणू काही चोरी करते आहे.
त्यांतली थुई कधीमधी खिडकीशी येते,
काम नसतं, नुसतं हवामान सांगून जाते.

जानेवारीत दहा हजार चार होतो.
फेब्रुवारीत नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव.
पहिला आकडा रिकामा राहिला.
साहेब म्हणाले, शून्य लावा.
मी म्हटलं, शून्य घड्याळाला शोभतं.
ते गप्प झाले. मग म्हणाले, राहू द्या तसंच,
कंत्राटदार येईल तेव्हा काढून टाकू.
कंत्राटदार स्वतः सत्याहत्तर वर्षांचा आहे.

त्याच आठवड्यात कुणीतरी
रस्त्यात सापडलेला एक हातमोजा
त्या रिकाम्या आकड्यावर अडकवून गेलं.
लाल, लोकरीचा, माझ्या अंगठ्याएवढ्या बोटांचा.
आमच्याकडे अशी रीत आहे: पडलेली वस्तू
उंचावर ठेवायची, हरवणाऱ्याला दिसेल अशी.

मी शाळेत फोन केला.
अकरा मुलं. गुरुजींनी ओळीत उभी करून पाहिली.
बावीस हात, बावीस हातमोजे.
पाळणाघर बंद होऊन चार वर्षं झाली.
नव्या वर्षाला कुणाकडे पाहुणे? विचारलं.
कुणाकडेच नाही. ओनोदेरांकडे येणार होते, रस्ता बंद झाला.

हरवलेल्या वस्तूंच्या वहीत लिहायचं म्हणून
काढायला गेले, आणि नाही काढला.
का, ते सांगता येणार नाही. स्टूल डगमगत होतं.

मार्चची एक तारीख. नऊ हजार नऊशे एक्याण्णव.
तीन नऊ होते तसेच, फक्त शेवटचा सात उतरवला, एक चढवला.
हातमोज्यावरचा बर्फ झटकला,
आतून ओला होता, पिळून पुन्हा लावला.

हात्सुए आजी रोज दवाखान्यातून येताना
फळा मोठ्याने वाचतात, डोळ्यांचा व्यायाम म्हणून.
आजही काठी टेकून थांबल्या:
एक हातमोजा, नऊ हजार, नऊशे, एक्याण्णव.
मग माझ्याकडे वळून,
हा कुणाकडचा गं?

म्हटलं, पत्ता लागायचाय, आजी.
नोंद चालू आहे.